कुलपाचं घर

इस्लापूरच्या घराचा मी काढलेला पहिला नकाशा अजून माझ्याकडे आहे. चांगला आहे म्हणून ठेवलेला नाही. त्यावर चुन्याने पांढुरक्या झालेल्या बोटाचा एक ठसा आहे. जिथे तो ठसा आहे तिथे नकाशात काहीच काढलेलं नाही, नुसती मोकळी जागा. मामांनी तिथे बोट ठेवून मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हेत. आई त्यांना राखी बांधायची, म्हणून आम्हा भावंडांचे ते मामा. धंद्याने गवंडी. इस्लापूर आणि भोवतालच्या खेड्यांतली किती घरं त्यांनी बांधली आणि किती सावरली, ते त्यांनाही मोजता आलं नसतं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. एकदा एका घरमालकाने हौसेने चौकटीवर गवंड्याचंही नाव घालू म्हटलं, तर मामा म्हणाले होते, "घर पडलं तर लोक मला हुडकत येतील, राहू द्या."

इस्लापूर किनवट तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उघडी माळरानं येतात. आमच्याकडे सागाचं जंगल आणि डोंगर. पाऊसही मराठवाड्याच्या इतर भागापेक्षा जास्त. जवळच पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून खाली कोसळते, आणि नदीपलीकडे विदर्भ सुरू होतो. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोरमाटी, गोंडी कानावर पडते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बदलीवर आले आणि इथलेच झाले.

आमचं जुनं घर कौलारू होतं. सागाचे खांब, कुडाच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा लेप, पुढे ओसरी. मृगाच्या आधी मामा कवेलू फेरायला यायचे. ते छपरावर बसायचे आणि आम्ही पोरं खालून एकेक कवेलू हातोहात वर द्यायचो. माझ्या हातून हमखास फुटायचं. फुटलेलंही ते टाकू द्यायचे नाहीत. "कोपऱ्याला लागतंय," म्हणायचे. मला त्या कामाचा कंटाळा होता. खरं सांगायचं तर मला त्या घराचीच लाज वाटायची. नांदेडला डिप्लोमाला गेलो तेव्हा खोलीवरच्या मित्रांना मी आमचं घर स्लॅबचं आहे असं सांगितलं होतं. सिव्हिलचा विद्यार्थी आणि राहतो कुडाच्या घरात, हे सांगवेना.

डिप्लोमा झाला, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काम केलं, आणि 30 सप्टेंबर 1993 उजाडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून थकलेली गावं झोपेत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ अशी लातूर-उस्मानाबादची गावं खाली बसली. हा भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. पुढे 2002 मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला. पुनर्वसनाच्या कामावर कंत्राटी पोरं हवी होती. चोवीस वर्षांचा मी तिथे जाऊन पोहोचलो.

तिथल्या माळवदांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही वर्गात शिकलो नव्हतो. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मधे माती आणि चिपा. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर लाकडी तुळया, किलचान आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात आणखी माती. पिढ्यान्‌पिढ्या ते ओझं वाढत गेलेलं. जमीन हलली तसे भिंतीचे पदर फुगून सुटले आणि झोपलेल्यांवर पडले. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच होता. माणसं दगडांखाली गेली होती. त्यानंतर त्या भागातले लोक दगडाच्या भिंतीखाली झोपायला तयार होईनात. पत्रा चालेल, दगड नको, म्हणायचे.

सर्वांत जास्त नुकसान झालेली 52 गावं नव्या जागी वसवायची ठरली. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळणार होती. भूमिहीन आणि अगदी थोडी शेती असणाऱ्याला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. सरळ रस्ते, सरळ रांगा. माझ्याकडे रेषा मारायचं आणि नंतर जागेवर जाऊन पाहणी करायचं काम होतं. लोक राहायला आले आणि वर्षाच्या आत घरापुढे पत्र्याचे, पऱ्हाट्यांचे सपार उभे राहायला लागले. खाली बाज, एका बाजूला चूल, शेळी बांधलेली. आमची सरळ रांग वाकडी झाली. मी माझ्या वहीत घरोघरच्या क्रमांकापुढे शब्द लिहीत गेलो, 'अतिक्रमण'. किती पानं भरली ते आठवून आजही मान खाली जाते.

सुट्टीत इस्लापूरला आलो. मामा ओसरीवर चहा पीत बसले होते. मी त्यांना मोठ्या फुशारकीने नव्या गावांचं वर्णन सांगितलं आणि लोक कसे सुधारत नाहीत, तेही. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तुमी दिलेल्या घराला ओसरी होती का, बापू?"

"नव्हती. अडीचशे फुटांत कुठून बसवणार?"

"मंग लोकांनी ओसरी केली. त्याला तुमी अतिक्रमण कामून म्हणता?"

मला राग आला. चौथीपर्यंत शिकलेला गवंडी मला शिकवतोय, असं मनात आलं, हे लपवत नाही. पण परत गेल्यावर मी टेप घेऊन ते सपार मोजले. बहुतेक आठ-नऊ फूट खोल होते. बाज सहा फुटी, ती आडवी टाकून पलीकडून माणूस जाईल एवढी जागा. कुणी कुणाला विचारलं नव्हतं आणि सगळ्यांचं माप एकच आलं होतं. अडीचशे फुटांच्या घरात सहा जण झोपतात ते ओसरीच्या जोरावर, हे ज्याला कळायला हवं होतं तो मी वही भरत बसलो होतो.

तेव्हा साइटवर कुणीतरी लॉरी बेकरांच्या हाताने काढलेल्या चित्रांची एक पुस्तिका ठेवलेली होती. बेकर मूळचे इंग्रज, जन्म 1917 चा, बर्मिंगहॅमचे. युद्धकाळात मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली. पाच मैलांच्या आत मिळेल त्या सामानातून घर उभं राहावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी जन्मभर धरून ठेवलं. आधी पिठोरागडच्या डोंगरात आणि मग केरळात ते बांधत राहिले. मी ती चित्रं पाहिली, चित्रं छान आहेत असं म्हणालो आणि पुस्तिका बाजूला ठेवली. वाचायची अक्कल यायला वीस वर्षं जायची होती.

मधली वीस वर्षं पुण्यात इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. एकाच फ्लॅटचा नकाशा उलटा-सुलटा करून सात मजले भरायचे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2006 ला वडील गेले, तीन वर्षांनी आई. आम्ही चार भावंडं. आक्का थोरली, मग आम्ही तिघे भाऊ. 2008 मध्ये आम्ही भावांनी आक्काकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. त्यात भांडण झालं नाही. कागद पुढे केला, तिने सही केली, जेवून गेली. 2005 च्या कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कागद केला.

घर रिकामं पडलं आणि सहा पावसाळ्यांत गेलं. कुड उधईने खाल्ला, कवेलू वानरांनी फोडले. पुढचे सागाचे चार खांब तेवढे ठणठणीत होते. 2015 च्या मे महिन्यात आम्ही भावांनी ठरवलं की त्या जागेवर सुट्टीचं घर बांधायचं. पुण्यातले माझे ओळखीचे हसले. सुट्टीचं घर लोक लोणावळ्याला बांधतात, कोकणात बांधतात. जिथे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तिथे कोण सुट्टीला जातं? पण आमच्या पोरांना दुसरं गाव नव्हतं.

जागा गावठाणातली, 22 फूट रुंद आणि 45 फूट खोल. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे रस्ता, मागे बोळ. मी पुण्याला बसून नकाशा काढला. पुढे गाडी लावायची जागा, मग हॉल, खाली एक आणि वर दोन अशा तीन बेडरूम, तिन्हींना जोडून संडास-बाथरूम, दर्शनी भिंतीत मोठी काच. सगळं बसवलं याचा मला अभिमान होता. छापून घेतला आणि मामांना दाखवायला नेला. दाखवायला म्हणजे दर विचारायला. सल्ला विचारायचं माझ्या मनातही नव्हतं.

तेव्हा ते सत्तरीच्या आसपास असतील. कुणाच्या तरी पायऱ्यांचं काम चालू होतं. हात न धुताच नकाशा घेतला आणि खोल्यांवरून बोट फिरवलं.

"ही कुणाची?"

"दादाची."

"ही?"

"माझी. वरची धाकट्याची."

बोट हॉलवर येऊन थांबलं. "अन् आक्काचं कुठं?"

मी म्हणालो, "आक्का काय, पाहुणी म्हणून येणार चार दिवस. हॉलमध्ये झोपेल."

ते काही बोलले नाहीत. ओळंबा उचलून पिशवीत टाकला. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "कवेलू फेरताना मला खालून कवेलू कोण देत होतं, आठवतंय का? तुमी तं फोडत होते. आक्का देत होती. एक फुटला नाही तिच्या हातून."

मी नकाशाची गुंडाळी केली आणि निघालो. दर विचारायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी तेच जागेवर आले. पडक्या जोत्यावर आम्ही दोघं बसलो. त्यांनी माझा नकाशा पुन्हा मागितला नाही. घरात माणसं किती, विचारलं. चौदा, म्हटलं. "चौदा माणसं अन् तीन खोल्या. दार लावून कोण झोपणार अन् दाराबाहेर कोण?" मग म्हणाले, "वर्षाचे किती दिवस येणार?"

"दिवाळीत पंधरा दिवस, मेमध्ये तीन आठवडे, मधे एखादं लग्नकार्य."

"म्हणजे दीड-दोन महिने. बाकीचे दहा महिने घरात कोण राहाणार?"

"कुणीच नाही. कुलूप राहील."

"मंग घर कुलपाचं बांधा. तुमी पाव्हणे."

इतकी वर्षं नकाशे काढणाऱ्या मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. सुट्टीच्या घराची चित्रं आपण पाहतो ती माणसं असतानाची. घर खराब होतं ते माणसं नसताना. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी घर बंद असताना काय काय होईल, याचीच यादी केली. यादी कसली, मामा एकेक आठवत गेले आणि मी लिहून घेत गेलो.

पहिली उधई. माझ्या नकाशात प्लायवूडची कपाटं होती, ती गेली. भिंतीतच कोनाडे आणि देवळ्या ठेवून त्यांत कडप्प्याच्या फळ्या बसवल्या. लाकूड कुठेही जमिनीला टेकू द्यायचं नाही. जुने चार खांब ओसरीला वापरले तेसुद्धा दगडी उथळ्यांवर उभे केले. दुसरं, दमट वास. सगळ्या खिडक्या बंद असल्या तरी वारा खेळला पाहिजे, म्हणून पुढच्या-मागच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळीच्या विटा, आतून बारीक जाळी. तिसरं तर मी जन्मात विचारात घेतलं नसतं. वापर नसलेल्या संडास-मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि गटाराचा वास, झुरळं सरळ घरात येतात. मी तीन संडास काढले होते, म्हणजे तीन ठिकाणी ही कटकट. मामांनी एक संडास आणि एक न्हाणी यावर आणलं, तीही मागच्या बाजूला. पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेने येऊन दोन्हीत एकेक बादली पाणी ओतायचं, एवढा उपाय. नळाच्या सगळ्या लाइनी भिंतीबाहेरून. गळालं तर दिसलं पाहिजे.

उरलेला नकाशा मग आपोआप होत गेला. पुढे पूर्ण रुंदीची आठ फुटी ओसरी. आठ फूट हे माप माझ्याकडून आलं, किल्लारीकडच्या सपारांचं. तिच्यामागे एकच मोठी खोली, पंधरा फूट खोल, दोन्ही अंगांच्या भिंतींना लागून तीन फूट रुंद कट्टे. दिवसा बसायला, रात्री झोपायला, आणि खाली गाद्या-रजया ठेवायचे पत्र्याचे पेटारे. मग नऊ फुटांचा उघडा चौक, कारण बाजूंनी खिडकी काढायला जागाच नव्हती. उजेड आणि वारा वरूनच यायचा होता. सगळ्यात मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि दाराची एक लहान खोली. ती कुणाच्या नावाची नाही. घरात जो सर्वांत म्हातारा, आजारी, किंवा बाळंतीण असेल, त्याची. मोठ्या खोलीचा मधला भाग तरीही अंधारा राहत होता. मामा म्हणाले, "सवणं ठेवा." माळवदाला धूर जायला आणि उजेड यायला असायचं तसं फूटभराचं भोक, त्याला चारी बाजूंनी उंच काठ आणि वर जाड काच. लातूरकडे अशी शेकडो सवणी मी ढिगाऱ्यांत पाहिली होती, पण ती कशासाठी असतात याचा विचार तेव्हा केला नव्हता.

पायाचं काम 2016 च्या उन्हाळ्यात झालं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभं केलेलं घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं, थोडं खाली बसतं. राहतं घर असलं तर तडा लगेच दिसतो. बंद घरात तो दोन वर्षांनी दिसणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं, काळी माती सगळी बाहेर काढली, भरावही मुरमाचाच. एका ठिकाणी मात्र मी हट्ट धरला. जोत्यावर, खिडकीच्या पातळीला, चौकटीवर आणि छताखाली असे काँक्रीटचे पट्टे फिरवायचे, कोपऱ्यांत सळया वळवून. मामांना ते लोखंड वाया वाटत होतं. "एवढ्याशा घराला कशाला बेड्या?" मी त्यांना किल्लारीच्या भिंतींचे सुटलेले पदर सांगितले. ते ऐकून घेतलं आणि त्यानंतर कोपऱ्यातली प्रत्येक सळई त्यांनी स्वतः वाकवली. माझ्याकडचं त्यांना देता आलं ते एवढंच.

तोवर मी बेकरांची ती पुस्तिका शोधून वाचली होती. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट फारसं ओझं पेलत नाही, नुसतं सळयांना धरून असतं. म्हणून सळयांच्या मधल्या चौकोनांत कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, खोलीही जरा थंड राहते. मामांना हे समजावून सांगितलं. ते मागच्या बोळात गेले आणि जुन्या घराचे साबूत राहिलेले कवेलू घेऊन आले. जोडीजोडीने पालथे घालून तेच स्लॅबमध्ये बसवले. खोलीत उताणं पडलं की ते वर दिसतात. पश्चिमेच्या भिंतीला विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, म्हणजे ऊन आत झिरपत नाही, हेही पुस्तिकेतलंच. मामांनी दोन थर लावून पाहिले आणि म्हणाले की त्यांचे वडील वीट कमी पडली की आवाराच्या भिंतीला असंच करायचे.

भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी आली. मी पुण्यात. आठवड्याला 24,000 रुपये काढता येतील असा नियम होता, पण रांगेत उभं राहून आत पोहोचलं की नोटा संपलेल्या असत. इकडे मजुरांना बाजाराच्या दिवशी पगार लागतो. बाजार झाला नाही तर आठवडाभर चूल कशी पेटणार? मी मामांना फोन करून काम बंद ठेवायला सांगितलं. ते "बरं" म्हणाले. डिसेंबरात आलो तर भिंती चौकटीच्या वर गेलेल्या. तीन बाजारांचा पगार त्यांनी दिला होता. मालाच्या उधारीला स्वतः जामीन राहिले होते. पैसे कुठून आणले, विचारलं तर म्हणाले, "होते." नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं की घरातली एक म्हैस विकली होती. मी पैसे परत केले. त्यांनी मोजून घेतले आणि आपल्या तीन आठवड्यांच्या मजुरीतली एका आठवड्याची कापून मला परत दिली, कारण त्या आठवड्यात त्यांना ताप होता आणि ते कामावर आले नव्हते.

सगळं बरोबरच झालं असं मात्र नाही. ओसरीवर कवेलूच हवेत हा माझा हट्ट. मामा पत्रा म्हणत होते. पहिल्याच वर्षी वानरांनी शेजारच्या छपरावरून उड्या मारून निम्मे फोडले आणि मी गुपचूप पत्रा घातला. चौकाचा उतार मामांच्या हातचा. तो कमी पडला आणि 2017 च्या आषाढातल्या पावसात पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं. मी पुण्याहून फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो. दुसऱ्या दिवशी भर पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, त्यांनी सगळा कोबा उकरून नवा उतार दिला. मजुरी घेतली नाही. "माझी चूक हाय," म्हणाले. माझ्या आयुष्यात किती इमारती गळल्या असतील. हे वाक्य मी एकदाही कुणा गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही.

त्या दिवाळीला आम्ही चौदा नव्हे, सतरा जण जमलो. दादा मुंबईहून नंदीग्राम एक्स्प्रेसने सहस्रकुंड स्टेशनवर उतरला. रात्री पोरं कट्ट्यांवर, बायका मधे, आम्ही पुरुष ओसरीवर. आक्का कुठे झोपणार हे कुणी ठरवलं नव्हतं. ती सगळीकडे फिरून आली आणि सवण्याखाली अंथरूण घातलं. पहाटे उठून बघतो तर ती जागीच होती, वर पाहत. म्हणाली, "बघ, आपले कवेलू. तो तिसऱ्या ओळीतला टवका गेलेला आहे ना, तो तू पाडलेला."

मामांना जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर ते ओसरीवर पान जमवत बसले. मला वाटलं, आता तरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तसं म्हणालोही. त्यांनी ओसरीच्या खांबावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "पंचायतीच्या कागदावर?"

खोल्यांवरून भावांची नावं काढणं सोपं गेलं होतं. कागदावर आक्काचं नाव घालायला आणखी दोन वर्षं लागली. दादाला वाटत होतं, झालेला कागद उकरायचा कशाला. धाकटा गप्प होता. मी दोघांच्या आड लपत होतो, कारण 2008 चा कागद लिहून आणणारा मीच होतो. शेवटी आक्काला हे सगळं तोंडाने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं रे. वाचता येतं मला."

2019 मध्ये किनवटला जाऊन आम्ही तिघा भावांनी चौथ्या हिश्शाचं बक्षीसपत्र तिच्या नावे केलं. साक्षीदार म्हणून मामा आले होते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सही करायला बराच वेळ घेतला, एकेक अक्षर विटेसारखं जुळवत. परत येताना जीपमध्ये ते खिडकीशी बसून झोपले.

दोन वर्षांनी ते गेले. मला वेळेवर पोहोचता आलं नाही. घराची किल्ली त्यांच्याच घरी खिळ्याला असते. त्यांची सून दर पंधरा दिवसांनी येते, न्हाणीत आणि संडासात एकेक बादली पाणी ओतते, चौकातला पाला काढते आणि कुलूप लावून जाते.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आता चार नावं आहेत. नावं वयाप्रमाणे लावा असं सांगितलं होतं, त्यामुळे आक्काचं पहिलं आहे.